सभा सगळ्यांना खुली, मग ठराव आदल्या रात्रीच कसा ठरतो?

हडसनकाठची

गेली अकरा वर्षं न्यूयॉर्क राज्यातल्या एका लहानशा टाऊनमध्ये राहते. नाव लिहीत नाही, कारण गाव एवढंसं आहे की मी कोण हे दुसऱ्या दिवशी कळेल.

गेल्या महिन्यात टाऊन बोर्डाची सभा होती. विषय होता गावाबाहेरच्या जुन्या डेअरी फार्मची जमीन गोदामासाठी मोकळी करायची का. ट्रक शाळेपुढून जाणार, त्यामुळे हॉल गच्च. बोलायला प्रत्येकी तीन मिनिटं. टेबलावर सिग्नलसारखा छोटा दिवा ठेवलेला, पिवळा लागला की तीस सेकंद उरले. एक आजोबा सुनेनं टाईप करून दिलेला कागद वाचत होते. लाल दिवा लागला तेव्हा ते नुकतेच दुसऱ्या पानावर आले होते. कागदाची घडी घालून गप बसले बिचारे.

सव्वा तास लोक बोलले. त्यानंतर पाचांपैकी एकाही सभासदानं एकही प्रश्न विचारला नाही. ट्रक किती, रात्री चालणार का, काहीच नाही. मतदान मिनिटभराच्या आत आटोपलं, चार विरुद्ध एक. चौघं एकाच पक्षाचे. शेजारच्या बाई पर्स उचलता उचलता म्हणाल्या, "हे मंगळवारीच ठरलं गं. कॉकस झाला ना त्यांचा." कॉकस म्हणजे एकाच पक्षाच्या सभासदांची आपापसातली बंद बैठक.

घरी येऊन कायदा शोधला. इथला खुल्या सभांचा कायदा १ जानेवारी १९७७ पासून लागू आहे. गणपूर्तीइतके सभासद सार्वजनिक कामावर बोलायला जमले की ती सभा, आणि सभा म्हटली की दार उघडं. न्यूबर्ग शहराच्या कौन्सिलनं 'ही सभा नाही, नुसतं वर्क सेशन आहे, इथे मतदान होत नाही' असं म्हणून बघितलं होतं. १९७८ मध्ये कोर्टानं ते उडवून लावलं. निर्णयाकडे नेणारी प्रत्येक पायरी लोकांना दिसली पाहिजे, असा त्या निकालाचा रोख.

पक्षाच्या बैठकीला सूट मूळ कायद्यातही होती. १९८१ मध्ये रॉचेस्टरच्या प्रकरणात कोर्टानं ती आवळली. बहुमतवाल्या पक्षाचे नगरसेवक शहराच्या कामावर बोलायला बसले तर ते पक्षाचं काम धरता येणार नाही, असं सांगितलं. झालं, १९८५ मध्ये विधिमंडळानं कायदाच बदलून टाकला! आता एकाच पक्षाचे सभासद खासगीत जमले तर विषय सार्वजनिक कामाचा असला तरी चालतो, पक्ष बहुमतात असला तरी चालतो, बाहेरचे पाहुणे बोलावलेले असले तरी चालतो. विधिमंडळानं त्याच वाक्यात स्वतःच्या दोन्ही सभागृहांचीही सोय लावून घेतली आहे.

१९९४ मध्ये बफेलोला मजा झाली. तिथल्या कौन्सिलचे झाडून सगळे सभासद एकाच पक्षाचे. शहराच्या पैशांच्या अडचणीवर ते कॉकस म्हणून दार लावून बसले. तिथल्या वर्तमानपत्रानं कोर्ट गाठलं आणि जिंकलं. सगळेच एका पक्षाचे असतील तर मग उघडी सभा उरतेच कुठे?

आणखी एक. शाळेच्या बोर्डाला ही सूट नाही, कारण कायद्यात काउंटी, शहर, टाऊन आणि व्हिलेज एवढीच नावं आहेत. म्हणून आमच्याकडे शाळेच्या बसच्या वेळा उघड्यावर ठरतात आणि गोदाम दाराआड.

मला विचारायचंय ते असं, की आपल्याकडे पार्टी मीटिंगला कायद्याचं काही बंधन आहे का? कुणी आतून बघितलंय का?

रिकामटेकडा_७

रुमाल टाकून ठेवतो. संध्याकाळी सविस्तर लिहितो.

जावकबारनिशी

ताई, मी आतून नाही पण दारातून बघितलंय. एका 'क' वर्ग नगरपरिषदेत सत्तावीस वर्षं नोकरी, त्यातली एकोणीस सभा लिपिक म्हणून. निवृत्त होऊन बराच काळ लोटला, तरी गावाचं नाव नको.

सोमवारी अकराला सर्वसाधारण सभा असली की रविवारी रात्री जेवणं उरकून पार्टी मीटिंग. एका मंगल कार्यालयाच्या वरच्या खोलीत, जिथे एरवी वरपक्ष उतरतो. मला अर्थातच बोलावणं नसे. पण सोमवारी दहाला गटनेत्यांचा माणूस विषयपत्रिकेची प्रत घेऊन यायचा, तिच्यावर पेन्सिलीच्या खुणा. बरोबरची खूण म्हणजे मंजूर. गोल म्हणजे तहकूब. गोलात टिंब असेल तर विरोधकांना दहा मिनिटं बोलू द्यायचं आणि मग मंजूर. समासात सूचक-अनुमोदकांची नावं. त्यावरून सभा सुरू व्हायच्या आधीच माझं निम्मं इतिवृत्त लिहून तयार असे. अभिमानानं सांगत नाहीये, पण दोन दिवसांत ठरावांच्या नकला द्यायच्या म्हटल्यावर कोण काय करणार!

एकदा अंगाशी आलं. समासात सूचक म्हणून ज्यांचं नाव होतं ते गृहस्थ त्या दिवशी मुलीच्या लग्नाच्या पत्रिका वाटायला परगावी गेलेले. हजेरीपटावर सही नाही आणि ठराव मात्र त्यांनी मांडलेला. पुढच्या सभेत इतिवृत्त कायम करताना विरोधकांनी बरोबर पकडलं. बोलणी कुणी खाल्ली ते सांगायला नको.

तुमच्या बोर्डानं एकही प्रश्न विचारला नाही म्हणता. आमच्याकडे प्रश्नही आदल्या रात्री वाटून दिलेले असत. 'हे काम कधी पूर्ण होणार?' हे फलाण्यानं विचारायचं, आणि मुख्याधिकारी म्हणायचे, 'लवकरात लवकर.'

बिनकामाचा

वाटून दिलेले प्रश्न =)) आमच्या शाळेत तपासणीला साहेब यायचे तेव्हा हेच व्हायचं.

बाकी हडसनताई, एवढं कशाला मनाला लावून घेता? गोदामवाल्यानं जे ठरवायचं ते कॉकसच्याही आधी ठरवलं असणार. सभा खुली, कॉकस बंद, आणि खरी मांडवली हॉटेलात. शिवाय सभा तरी हव्यात ना? मार्च २०२२ मध्ये मुदत संपली आणि पुढे कितीतरी वर्षं मुंबई-पुण्याला प्रशासक. खुली नाही, बंद नाही, सभाच नाही. कुणाचं काय अडलं?

कलमकसाई

@बिनकामाचा, अडलं ते तुम्हाला कळलं नाही, कारण कळायची जागाच बंद होती. असो.

बारनिशीकाका, त्या पेन्सिलीच्या खुणांमागे केवढी ताकद आहे याचा अंदाज तुम्हालाही नसेल. वकिली भाषा टाळून लिहितो.

पहिली गोष्ट, आपल्याकडेही सभा खुल्याच आहेत. मुंबईचा १८८८ चा कायदा, बाकी महापालिकांचा १९४९ चा, नगरपरिषदांचा १९६५ चा, तिन्हीकडे तत्त्व तेच. सभा लोकांना खुली राहील, आणि एखादी चर्चा खासगीत घ्यायची असेल तर हजर सभासदांच्या बहुमतानं तसा ठराव करावा लागेल. १९४९ च्या कायद्यात ही तरतूद अनुसूची 'ड' मध्ये आहे. प्रेक्षक गॅलरीत बसायला कुणा नगरसेवकाची चिठ्ठी लागते हा आपल्याकडचा रिवाज, कायद्याचं मूळ तसं नाही.

दुसरी गोष्ट महाराष्ट्र स्थानिक प्राधिकरण सदस्य अनर्हता अधिनियम, १९८६. आमदार-खासदारांसाठी पक्षांतरबंदीची दहावी अनुसूची १९८५ मध्ये आली आणि तिच्या मागोमाग आपण ती गल्लीपर्यंत आणली. (योगायोग बघा, ताईंच्या राज्यानं कॉकसला मोकळीक दिली तेही १९८५ च.) पक्षानं किंवा आघाडीनं दिलेल्या आदेशाविरुद्ध मत दिलं, किंवा मतदानाला दांडी मारली, त्याला आधी परवानगी घेतली नव्हती आणि पंधरा दिवसांत पक्षानं माफही केलं नाही, तर नगरसेवकपद जातं. नगरपरिषद, जिल्हा परिषद, पंचायत समितीचं प्रकरण जिल्हाधिकाऱ्यांपुढे चालतं, महापालिकेचं विभागीय आयुक्तांपुढे.

आता या दोन गोष्टी एकमेकींशेजारी ठेवा. उघड्या सभेत हात वर करायचा की नाही हे बंद खोलीत ठरतं, आणि तिथलं ऐकलं नाही तर शिक्षा सरकारी अधिकारी सुनावतो. न्यूयॉर्कनं कॉकसकडे काणाडोळा केलाय एवढंच. आपण कॉकसच्या हुकमाला सरकारी शिक्का दिला आणि त्या खोलीला मात्र एकही नियम लावला नाही. नोटीस लागत नाही, गणपूर्ती लागत नाही, इतिवृत्त लागत नाही. 'पक्षाचा आदेश' हा खरंच पक्षात चर्चा होऊन निघाला की गटनेत्यानं सोफ्यावर बसून लिहिला, हे कुठल्याच कागदावर नसतं.

असा पक्षाचा आदेश म्हणजे व्हीप. तो प्रत्येक विषयाला निघत नाही, हे खरं. महापौराची निवड, स्थायीचा अध्यक्ष, एखादा अडचणीचा ठराव, एवढंच. एरवी निघू शकतो ही जाणीव पुरते.

वॉर्ड_क्रमांक_९

बरीच वर्षं इथे नुसती वाचक आहे. आज लिहिते.

मी पाच वर्षं नगरसेविका होते, महिला राखीव वॉर्डातून. त्याआधी शिवणक्लास चालवायचे. पार्टी मीटिंगला तुम्ही सगळे नावं ठेवताय, तर तिची एक बाजू सांगते. सभागृहात पहिले सहा महिने मी तोंड उघडलं नाही. मागे पत्रकार, समोर विरोधक, चुकीचं बोललं की दुसऱ्या दिवशी चौकटीत बातमी. पार्टी मीटिंगमध्ये मात्र पहिल्याच रात्री विचारलं, "दरसूची म्हणजे काय?" लोक हसले, पण एका ज्येष्ठ सभासदांनी अर्धा तास समजावलं. अंदाजपत्रक कसं वाचायचं, 'दायित्व' कुठे लपवलेलं असतं, ते मी त्या खोलीत शिकले. सगळं कॅमेऱ्यापुढे असतं तर मी विचारलंच नसतं.

आता दुसरी बाजू. आमच्या गटात एकोणीस सभासद, त्यात दहा बायका. सभागृहात नगरसेविकेच्या खुर्चीवर नवरा बसू शकत नाही, निदान आमच्याकडे मुख्याधिकाऱ्यांनी ते कडक पाळलं. पार्टी मीटिंगला कोण अडवणार? तिथे आम्ही बायका तीन आणि पुरुष सोळा. सात जणींचे नवरे आले होते, 'तिच्या वतीनं'. शिवाय शहराध्यक्ष, आणि कोपऱ्यात एक गृहस्थ ज्यांची आमच्याकडे तीन कामं चालू होती. ते काही बोलत नसत, फक्त भजी खायचे. ताईंच्या कायद्यात पाहुणे चालतात असं वाचलं आणि मला तो कोपरा आठवला.

आमच्या वॉर्डात अंगणवाडीला लागून कचरा वर्गीकरणाची शेड आणायचा विषय आला. मी त्या खोलीत भांडले. हो, भांडले, रडले पण. बारा-सात असं काहीतरी झालं आणि मी हरले. दुसऱ्या दिवशी व्हीपच्या कागदाची पोच म्हणून सही घेतली. मी हात वर केला. मागच्या बाकांवर माझ्या वॉर्डातल्या सात-आठ बायका बसल्या होत्या, कारण सभा खुली असते, येऊन बसा, हे मीच त्यांना सांगितलं होतं.

बिनकामाचा

ताई, राग मानू नका, पण मग राजीनामा का नाही दिला?

वॉर्ड_क्रमांक_९

पाण्याच्या टाकीचं काम अर्धं होतं. तुम्ही नसता दिलात.

परसदार

सांडगे वाळत घालता घालता धागा वाचला, सांडगे राहिले.

मी न्यू जर्सीत, एडिसनजवळ. आमचा कायदा १९७५ चा. बैठकीची नोटीस ४८ तास आधी, वगैरे. पण कॉकसला सूट देताना त्यांनी जी शक्कल लढवली आहे तिला दाद द्या. त्यांच्या म्हणण्यानुसार सभा कोणती, तर जिला त्या मंडळाच्या सगळ्या सभासदांना येता येतं ती. पक्षाच्या कॉकसला दुसऱ्या पक्षाचे लोक येऊ शकत नाहीत. मग ती सभाच नाही. मग तिला खुल्या सभेचा नियम लागू नाही. थोडक्यात, दार बंद आहे म्हणून दार उघडं ठेवायची गरज नाही! पाच मिनिटं हसत होते. नवऱ्यानं येऊन विचारलं काय झालं, त्याला समजावून सांगितलं तर त्याला हसू आलं नाही. इंजिनिअर आहे.

आपले लोक इथे ढिगानं आहेत. गणपती मंडळाच्या मीटिंगला शंभर जण आणि तास तास वाद. टाऊनशिपच्या सभेला मी गेले तेव्हा आपल्यातले आम्ही तिघं, त्यातला एक परमिटसाठी आलेला.

लेस्टरचा_भाऊ

इंग्लंडची भर घालतो. इथे सभा उघड्या करणारा १९६० चा कायदा कुणी आणला? मार्गारेट थॅचर. नवख्या खासदार होत्या, खासगी विधेयक म्हणून मांडलं आणि ५ फेब्रुवारी १९६० ला संसदेतलं पहिलंच भाषण त्यावर केलं. आधीचा कायदा १९०८ चा होता, त्यातून पळवाट अशी की सगळी कौन्सिलच 'समिती' म्हणून बसायची आणि पत्रकारांना बाहेर काढायचं. १९५९ मध्ये छापखान्यांचा संप झाला तेव्हा मजूर पक्षाच्या काही कौन्सिलांनी संप मोडून निघणाऱ्या पेपरांच्या बातमीदारांना हाकललं, ते निमित्त झालं. म्हणजे हेतू अगदीच सोवळा नव्हता, पण कायदा लोकांच्या उपयोगी पडला. १९८५ मध्ये समित्या-उपसमित्याही उघड्या झाल्या, आणि २०१४ पासून सभेत मोबाईलनं चित्रण करायलाही परवानगी आहे.

पण पक्षाची ग्रुप मीटिंग? ती अजून बंदच. ती आदल्या सोमवारी होते आणि सगळ्यांना माहीत असतं.

कलमकसाई, तुमच्या मुद्द्याला धरून एक खटला आहे, बहुतेक तुम्हाला माहीत असेल. वॉल्थम फॉरेस्ट, १९८७. घरपट्टी बेसुमार वाढवायचा ठराव. काही नगरसेवकांनी ग्रुप मीटिंगमध्ये विरोध केला आणि कौन्सिलमध्ये मात्र बाजूनं मत दिलं. करदात्यांचं म्हणणं, यांनी स्वतःची अक्कल गहाण टाकली, ठराव रद्द करा. कोर्टानं ठराव कायम ठेवला. कारण महत्त्वाचं आहे. पक्षाचं न ऐकल्यास फार तर पक्षाचा व्हीप काढून घेतात, म्हणजे गटातून बाहेर काढतात, नगरसेवकपद जात नाही. म्हणजे शेवटी मत द्यायला माणूस मोकळा होता.

कलमकसाई

भाऊ, नेमकं बोट ठेवलंत. त्या निकालाचा पायाच आपल्याकडे नाही. वॉर्ड नऊच्या ताई मोकळ्या नव्हत्या. त्यांनी हात खाली ठेवला असता तर टाकीचं काम आणि पद, दोन्हींवर पाणी.

किहोतो होलोहन प्रकरणात १९९२ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं होतं की व्हीपचा बडगा विश्वास-अविश्वासाच्या मतदानापुरता, किंवा ज्या धोरणावर पक्ष मतं मागायला गेला त्याच्यापुरता असावा. ते आमदार-खासदारांबद्दल होतं. पण कचऱ्याची शेड कुठे असावी हे कुठल्या पक्षाचं धोरण असतं हो? जाहीरनाम्यात 'अंगणवाडीशेजारी शेड बांधू' असं छापून कोण मतं मागतं? माझं मत विचाराल तर बंद खोलीबद्दल मला फारसा राग नाही. लोक एकत्र बसणार, बोलणार, ते थांबवता येत नाही आणि थांबवूही नये. खोलीतल्या निर्णयाला पद घालवायची ताकद आहे, तिथे माझं भांडण आहे. पालिकेच्या साध्या विषयांवरून ती ताकद काढा, मग बसू देत मंगल कार्यालयात पहाटेपर्यंत.

पारावरचा

शहरवाल्यांचं चालू द्या. आमच्या गावात पक्षच नाही, ग्रामपंचायतीला चिन्ह पक्षाचं नसतं, पॅनेल असतं. पण पॅनेलची बैठक असतेच, ती सरपंचाच्या मळ्यातल्या वस्तीवर. तिला व्हीप नाही, कायदा नाही, तरी विरोधात जायची कुणाची टाप नाही, कारण पुढच्या पाटपाळीला पाणी कुणाच्या शेतावरून येतं ते सगळ्यांना ठाऊक.

ग्रामसभा मात्र देशातली सगळ्यात खुली सभा म्हणायची. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. गणपूर्तीला पंधरा टक्के किंवा शंभर मतदार, जे कमी असेल ते. येतात किती? झेंडावंदनाला आलेली पोरं धरून चाळीस. मग शिपाई रजिस्टर घेऊन घरोघर. माझ्या आजीनं गुडघ्याच्या दुखण्यामुळे चार वर्षं उंबरा ओलांडला नव्हता आणि रजिस्टरप्रमाणे तिनं सगळ्या ग्रामसभांना हजेरी लावली.

बिनकामाचा

आजींना नमस्कार _/\_

माझा मुद्दा गंभीरपणे मांडतो, मघाशी चेष्टा झाली. कॉकस उघडा करायचा कायदा केलात तर बोलणं व्हॉट्सअॅपवर जाईल. तेही उघडं करा म्हणाल तर फोनवर. शेवट कुठे?

हडसनकाठची

इतके प्रतिसाद! आभार. वॉर्ड नऊच्या ताई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला.

@बिनकामाचा, तुम्ही म्हणता तिथपर्यंत गेलेली राज्यं आहेत. फ्लोरिडाचा कायदा १९६७ चा. तिथे एकाच बोर्डाच्या दोन सभासदांनी पुढे मतदानाला येऊ शकेल अशा विषयावर बोलायचं ठरवलं तरी नोटीस, उघडं दार आणि नोंद लागते. दोघांनी फोनवर बोलणंही त्यातच आलं. कॅलिफोर्नियाच्या १९५३ च्या ब्राऊन कायद्यात साखळीलाही मनाई आहे. म्हणजे अ नं ब ला सांगायचं, ब नं क ला, आणि असं करत बहुमत जमवायचं, तेही चालत नाही. मधे अधिकाऱ्याला निरोप्या म्हणून वापरलं तरी नाही. लोक मोडत असतीलच. पण मोडलं की ते बेकायदा ठरतं. माझ्या टाऊनमध्ये मंगळवारचा कॉकस कायदेशीर आहे, माझं दुखणं तेच आहे.

वॉर्ड नऊच्या ताईंचा दरसूचीचा किस्सा वाचून मात्र मी थोडी नरमले. आमच्या बोर्डावर नव्यानं आलेली एक मुलगी आहे, पंचविशीतली. तिलाही कुठेतरी 'हे म्हणजे काय' असं विचारायचं असेल.

जावकबारनिशी

आता थोडं कामाचं. खोली उघडता येत नसेल तर निदान सभागृहातला कागद तरी पक्का करून घ्या.

माहितीच्या अधिकाराच्या कायद्यात कलम ४(१)(ख)(आठ) आहे. प्रत्येक कार्यालयानं आपल्या समित्यांच्या बैठका लोकांना खुल्या आहेत का आणि त्यांची इतिवृत्तं बघायला मिळतात का, हे न मागता जाहीर करायचं असतं. आपल्या पालिकेचं ते पान उघडून बघा. बऱ्याच ठिकाणी 'निरंक' असेल. तिथून अर्जाला सुरुवात करा.

पार्टी मीटिंगचं इतिवृत्त मात्र या कायद्यानं मागायला जाऊ नका. केंद्रीय माहिती आयोगानं २०१३ च्या जूनमध्ये सहा राष्ट्रीय पक्षांना हा कायदा लागू आहे असा निर्णय दिला होता, पक्षांनी तो मनावरच घेतला नाही.

आणि सभासदांसाठी एक. आवाजी मंजुरीत कोण कुठल्या बाजूला होतं ते कागदावर येत नाही. 'चर्चेअंती सर्वानुमते मंजूर' हे तीन शब्द मी एकोणीस वर्षांत इतक्यांदा लिहिलेत की हात आपोआप वळायचा. पण कुणी उभं राहून पोल मागितला की प्रत्येकाचं नाव बाजूनं की विरोधात असं लिहावं लागतं. महापालिकांच्या कायद्यात तसं स्पष्ट आहे. माझ्या सगळ्या नोकरीत पोल किती वेळा मागितला गेला ते सांगतो, हाताच्या बोटांवर मोजण्याइतका. विरोधकसुद्धा मागत नसत. उद्या त्यांचाही विषय असायचा ना!

हडसनकाठची

काका, इथे त्या बाबतीत बरं आहे. कोणत्या सभासदानं कसं मत दिलं याची नोंद ठेवणं सक्तीचं आहे, कुणी मागो न मागो. इतिवृत्त दोन आठवड्यांत मिळालं पाहिजे. सभेत ज्या कागदांवर चर्चा होणार ते आधी बघायला मिळावेत, असाही नियम काही वर्षांपूर्वी आलाय. मी नोंद मागवली. कोणी कसं मत दिलं ते आलं, का दिलं ते नाही.

म्हणून चौघांना ईमेल टाकली, तुम्ही होकार का दिलात. दोघांचं उत्तर नाही. एकाचं आलं, 'कॉकसमधल्या चर्चेबद्दल मी बोलत नाही.' मी कॉकसबद्दल विचारलंच नव्हतं! चौथी म्हणजे ती पंचविशीतली मुलगी. तिनं दीड पान लिहिलंय. टाऊनचं उत्पन्न, शाळेचा कर, ट्रकांसाठी मागचा रस्ता वापरायची अट घालायचा तिचा प्रयत्न आणि तो का फसला. मला पटलं नाही, पण वाचल्यावर निदान भांडायचं कशावर हे कळलं. हेच ती सभेत बोलली असती तर काय बिघडलं असतं?

वॉर्ड_क्रमांक_९

ती का बोलली नसेल ते मला माहीत आहे.

बारनिशीकाका, एक विचारू? ती शेडविरोधातली माझी भांडाभांडी कुठेच लिहिलेली नसणार ना? कागदावर मी शेडच्या बाजूचीच?

जावकबारनिशी

हो ताई. ठराव मी लिहिला असता तरी तसंच लिहिलं असतं. पण पुढच्या सभेत इतिवृत्त कायम करताना सभासदाला आपलं म्हणणं नोंदवा म्हणून लेखी देता येतं. लिपिक ते फाईलला लावतो. हे तेव्हा तुम्हाला कुणी सांगितलं नसणार.

वॉर्ड_क्रमांक_९

नाही सांगितलं.

रिकामटेकडा_७

रुमाल टाकला होता, सविस्तर लिहायचं राहिलंच. सगळ्यांनी लिहून टाकलंय. हडसनताई, गोदामाचं आता काय?

हडसनकाठची

झोनिंग बदललं, ते गेलं. पण साईट प्लॅन अजून प्लॅनिंग बोर्डाकडे जायचाय. ट्रक कुठून येणार, दिवे किती, झाडांची भिंत किती रुंद, हे तिथे ठरतं. ते बोर्ड नेमलेलं असतं, त्यामुळे कॉकसची सूट त्याला लागू नाही. सुनावणी पुढच्या गुरुवारी संध्याकाळी सात वाजता. काल त्या आजोबांकडे जाऊन आले. त्यांच्या दोन पानांचं मी एक पान करून दिलंय, घड्याळ लावून तीनदा वाचून घेतलं. दोन मिनिटं पन्नास सेकंद.